डबल आहे का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडे नीट करून छापले आहे.)



माझ्या आधी बोलले त्यांनी सिंकिंग फंड आणि कन्व्हेयन्स डीड या विषयांवर फार चांगली माहिती दिली. मी त्या विषयांच्या जवळपासही जाणार नाही. सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "पंचवीस वर्षांत सोसायटीबद्दल सगळे सगळं बोलून झालेत, तुम्ही तुमच्या त्या पत्त्यांबद्दल बोला." म्हणून उभा आहे.

पत्ते म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू आलेलं मला दिसतंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी कमिटीकडे माझ्याविरुद्ध एक लेखी तक्रार गेली होती. "सदर सभासद दर रविवारी सकाळी बाहेरच्या व्यक्तींना बोलावून पार्किंगमध्ये पत्त्यांचा डाव मांडतात, लहान मुलांवर वाईट परिणाम होतो," वगैरे. तेव्हाचे चेअरमन दोन सदस्यांना घेऊन खाली आले. आम्ही चौघं चटईवर बसलेलो. मध्ये कपिल देव चार, श्रीकांत दोन, इम्रान खान एक. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "पैसे लावता का?" आमच्यातले मास्तर म्हणाले, "लावले असते साहेब, पण या बँकवाल्यांच्या खिशातून निघत नाहीत." चेअरमनसाहेब वाकून बघायला लागले. मग बसले. अर्ध्या तासाने त्यांच्या हातात वेंगसरकर होता आणि ते म्हणत होते, "माझ्याकडे हा होता हो. आईने बंबात घातला."

हे वाक्य मी आजवर किमान शंभर माणसांच्या तोंडून ऐकलंय. कुणाच्या आईने बंबात घातला, कुणाच्या बहिणीने रद्दीत दिला, कुणाचा बदलीच्या वेळी ट्रकमध्ये राहिला. पण "होता" हे सगळे सांगतात.

तर हे पत्ते म्हणजे क्रिकेटपटूंचे कार्ड. बिग फन नावाचा बबलगम यायचा. कागदात गुंडाळलेला गम, आणि सोबत एका खेळाडूचं छोटं कार्ड. कार्डावर धावा नाहीतर विकेट छापलेल्या असत. ठरावीक धावा आणि विकेट जमवून दिल्या की एक छोटं पुस्तक मिळायचं. त्याची पानं अंगठ्याखालून भर्रकन सोडली की बोलर पळत येऊन बॉल टाकतो. आजच्या पोरांना त्यात काही वाटणार नाही, त्यांच्या हातातल्या मोबाइलवर आख्खी मॅच आहे. पण १९८७ साली जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत टीव्ही एकच होता आणि त्या टीव्हीच्या मालकाचा मूड चांगला असेल तरच क्रिकेट दिसायचं. त्या पुस्तकातला बोलर मात्र आपण म्हणू तेव्हा बॉल टाकायचा.

आता गंमत अशी की पुस्तक मिळवायचं तर कार्ड द्यावे लागायचे, आणि कार्ड ठेवायचे तर पुस्तक मिळायचं नाही. आमच्या वर्गात यावरून सरळ दोन पक्ष पडले होते. मी कार्ड ठेवणाऱ्यांपैकी. आणि मला एकच कार्ड मिळत नव्हतं, गावस्करचं. खाऊला मिळालेले सगळे पैसे गमात घातले, जबडा दुखायचा, गावस्कर निघायचा नाही. शाळेत मधल्या सुट्टीत एकच प्रश्न असायचा, "डबल आहे का?" म्हणजे एकाच खेळाडूची दोन असतील तर एक दे, बदल्यात माझं डबल घे. गावस्कर कुणाचाच डबल नसायचा. असला तरी सांगत नसतील.

त्या वर्षी रिलायन्स कप आपल्याकडे होता. ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, तिघंही बोल्ड. आणि अंगात ताप असताना गावस्करने नाबाद १०३ केल्या, त्याचं वन-डेतलं एकुलतं एक शतक. पाच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला वानखेडेवर इंग्लंडशी सेमीफायनल. गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या. गावस्कर ४ वर बोल्ड, आणि ती त्याची शेवटची इंटरनॅशनल मॅच ठरली. मी दहा वर्षांचा होतो. मला वाटलं, आता त्याचं कार्ड निघणारच नाही, कारण माणूसच रिटायर झाला.

खाण्यापिण्याच्या वस्तूत कार्ड घालायची ही युक्ती आपल्याकडची नाही. आधी सिगारेटवाल्यांनी काढली. पाकीट मऊ असायचं, सिगारेटी चुरगळायच्या, म्हणून आत एक पुठ्ठा घालत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की कोऱ्या पुठ्ठ्यावर काहीतरी छापू. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची मालिका काढली. आपल्या रणजितसिंहजींची कार्डंही अशीच सिगारेटच्या पाकिटातून पोराटोरांच्या हातात गेली. वडील सिगारेट ओढणार, मुलगा कार्ड घेणार. आरोग्याच्या दृष्टीने आमचा गम परवडला.

अमेरिकेत हेच बेसबॉलचं झालं. तिथे १९०९ ते १९११ या काळात तंबाखू कंपनीने काढलेलं होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं एक कार्ड आहे. त्याने स्वतःच छपाई थांबवायला लावली म्हणतात. का, याबद्दल दोन मतं. कुणी म्हणतं, पोरांनी कार्डासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून. कुणी म्हणतं, पैशाचं जमलं नाही म्हणून. जगात जेमतेम साठेक उरलीत. दुसरं मिकी मँटलचं, १९५२ सालचं, टॉप्स या बबलगमवाल्या कंपनीचं. मोसम संपत आल्यावर ती खेप बाजारात आली आणि खपली नाही. गोदामात नुसती जागा अडली. शेवटी १९६० साली, ज्या साय बर्गर नावाच्या माणसाने ती कार्डं तयार केली होती त्यानेच खोके बोटीत भरून समुद्रात नेऊन बुडवले. बुडवलेल्यात मँटलही होते. त्यातून वाचलेलं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हाच्या भावाने साधारण शंभर कोटी रुपये. एका पुठ्ठ्याचे!

ही बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या घरी एक ऐतिहासिक घटना घडली. चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायको म्हणाली, "तुमचे ते पत्ते जरा काढा बघू." मी सांगून टाकलं, आपले शंभर कोटीचे नाहीत. आपल्याकडे घेणारे-देणारे थोडे. भाव म्हणजे एखाद्या जेवणाचा, फार तर दोघांच्या. तिने चहा ठेवला आणि विषय संपला.

आता आमच्या मंडळाबद्दल. आम्ही चौघं-पाच जण. मास्तर, रिटायर बँकवाले, मेडिकलवाले शेठ, मी, आणि सळई मिलमधला एक तरुण इंजिनिअर, जो आम्हाला सगळ्यांना अंकल म्हणून आमचा अपमान करतो. एकमेकांच्या मालाला नावं ठेवणं हेच आमचं मुख्य काम. तिकडे अमेरिकेत कार्डाला दहापैकी गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. कोपरे, कडा, छपाई मध्यभागी आहे का, सगळं भिंगाखाली बघून कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. त्या मँटलला साडेनऊ मिळाले होते. आमच्याकडे हे खातं मास्तरांकडे. एकदा शेठनी रिचर्ड्स काढला. मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "शेठ, हा कोपरा उंदराने खाल्ला का?"

"उंदीर नाही, नातू."

"मग दहापैकी चार. आणि नातवाला पण चारच."

बँकवाल्यांची पद्धत निराळी. त्यांना एखादं कार्ड हवं असलं की ते त्याच्याकडे बघतच नाहीत. पावसापाण्याच्या गप्पा मारतात, उठायला लागतात, चप्पल घालतात, आणि मग सहज म्हणतात, "ते घाणेरडं अझरुद्दीनचं काय करणार आहात? टाकणार असाल तर द्या." आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे की आम्हाला ठाऊक आहे. पण चप्पल घातल्याशिवाय त्यांच्याकडून सौदा होत नाही.

आमच्यात सर्वांत मोठं भांडण झालं ते जालन्याच्या अभिमानावरून. आपला विजय झोल. २०११ साली कूचबिहार ट्रॉफीत, एकोणीस वर्षांखालच्या मुलांत, त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या. चारशे एक्कावन्न! पुढे २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला भारताचा कॅप्टन झाला. मी म्हटलं, जालनेकराच्या संग्रहात जालन्याचा माणूस नाही म्हणजे काय? पेपरातला फोटो कापला, बिग फनच्या मापाच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवला, मागे बॉलपेनने ४५१ लिहिलं. मास्तर म्हणाले हे बनावट. मी म्हणालो बनावट म्हणजे दुसऱ्याची नक्कल, याचं अस्सल कुठे आहे दाखवा. दोन रविवार आम्ही बोलत नव्हतो. तिसऱ्या रविवारी मास्तर आले आणि हळूच म्हणाले, "त्या झोलचं डबल आहे का?" मी घरी जाऊन दुसरं बनवलं.

इथपर्यंत गमतीचं झालं. आता एक गोष्ट सांगतो, ती मी या सोसायटीत कुणाला सांगितलेली नाही. बायकोला माहीत आहे. आज सांगायचं ठरवून आलोय.

मी कामाला वजनकाट्यावर. आपल्या एमआयडीसीतला माल कसा बनतो हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. ट्रकमधून भंगार येतं, भट्टीत वितळतं, बिलेट होतं, बिलेटची सळई. भंगार आत जाण्याआधी हाताने निवडावं लागतं. त्यात बंद डबा, सिलेंडर, शॉकअॅब्सॉर्बर असं काही राहिलं तर आतली हवा आणि ओल तापून भट्टीत स्फोट होतो, वितळलेलं लोखंड वर उडतं. म्हणून निवडणाऱ्या बाया प्रत्येक बंद डबा उघडून बघतात. घरातले डबे आपण उघडतो तसे नाही, गंजलेले, हातोडीने.

फेब्रुवारी २०११. वर्ल्ड कप तोंडावर आलेला. ठेकेदाराकडची एक बाई दुपारी माझ्या केबिनशी आली. हातात पत्र्याचा जुना बिस्किटाचा डबा. म्हणाली, "सायेब, तुम्ही क्रिकेटवाले ना, ह्यात त्येचेच फोटो हायेत." मी उघडला. आत रबर बँड लावलेले कार्डांचे गठ्ठे. रबर विरघळून वरच्या कार्डांना चिकटलेला, पण आतले कोरे करकरीत. तिसऱ्या गठ्ठ्यात गावस्कर. त्याच्याखाली अजून एक गावस्कर.

डबल.

गेटचा नियम सगळ्यांना माहीत आहे. गेटपासशिवाय टाचणीसुद्धा बाहेर नेता येत नाही. मी गेटपास मागायला हवा होता. पण मागितला तर कुणीतरी विचारणार, बघणार, हात लावणार, कदाचित नाही म्हणणार. मी डबा जेवणाच्या पिशवीत घातला आणि संध्याकाळी घरी आलो. रात्री दोनपर्यंत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कळलं की त्या बाईला कामावरून थांबवलंय. वॉचमनने तिला डबा घेऊन जाताना बघितलं होतं. संध्याकाळी डबा कुठे नव्हता. डब्यात तांबं होतं, तिने ते कुठेतरी लपवलं, असं मुकादमाने धरलं. तिने "काट्यावरच्या सायबाला दिला" असं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, मला तेव्हा कळलं नाही.

आणि मीही सांगितलं नाही. तीन दिवस. मुलगी वर्षाची झाली नव्हती. या फ्लॅटचं कर्ज वडिलांनी अर्धं फेडून माझ्या अंगावर दिलं होतं, दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. चोरी म्हणून नोकरी गेली तर एमआयडीसीत दुसरा कुणी काट्यावर बसवणार नाही, कारण काटा हे विश्वासाचंच काम. हे सगळं मी रोज रात्री स्वतःला सांगत होतो. सगळं खरंच होतं, तरी झोप येत नव्हती.

चौथ्या दिवशी डबा घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी उघडला, दोन-चार कार्ड उलटसुलट केले, आणि मला वाटलं होतं त्यातलं काहीच झालं नाही. ते हसले. म्हणाले, "एवढ्यासाठी? गेटपास करून घ्या." गेटपासवर वजन लिहावं लागतं. डबा काट्यावर ठेवला. आमचा काटा ट्रकचा, पाच-दहा किलोच्या खालचं त्याला कळतच नाही. त्याने शून्य दाखवलं. गेटपासवर लिहिलंय, "जुने कागदी फोटो, डबा १, वजन शून्य." तो गेटपास अजून माझ्याकडे आहे.

मी ठेकेदाराला सांगितलं, बाईची चूक नव्हती. तो म्हणाला बरं, येऊ द्या तिला. पण तिचा पत्ता लागला नाही. शेजारच्या बाया म्हणाल्या, भावाच्या टोळीत ऊसतोडीला गेली. मला हायसं वाटलं, हेही खरं सांगतो.

मग २०१३ चा उन्हाळा. तो इथे कुणी विसरलेलं नाही. बोअर आटले होते, टँकरसाठी आपण रात्री नंबर लावून बसायचो, कमिटीने प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं माप ठरवून दिलं होतं. एका सकाळी टँकरच्या नळीखाली गळणारं पाणी भरायला गेटबाहेर तीन-चार बाया उभ्या होत्या, गावाकडून कामाला आलेल्या. त्यात ती होती. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं, मी उशिरा बोललो वगैरे. ती ऐकत होती, लक्ष घागरीकडे. मग म्हणाली, "सतरा दिस घरी बसून व्हते. मग गेले टोळीत."

मी घरातून दहा दिवसांच्या हजेरीचे पैसे आणून दिले, तेवढेच होते. तिने मोजले. म्हणाली, "सात दिसाचे ऱ्हायले." पुढच्या आठवड्यात पगार झाल्यावर दिले. तेही तिने मोजून घेतले. मग मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी नाही म्हनले असते. मग मी खोटी पन पडले असते." आणि घागर उचलली. जाता जाता मात्र थांबली. "त्या लेकराचं काय झालं, ज्याचा डबा व्हता?"

हे मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी डब्यात गावस्कर बघितला होता. तळाला एक चौकोनी वही होती, ती नुसती चाळली होती. त्या दिवशी नीट वाचली. वहीच्या कव्हरवरचं नाव गंजाने खाल्लंय. खाली "इयत्ता ५ वी ब, हजेरी क्र. २३" एवढं वाचता येतं. आत रोजचा हिशोब. तारीख, किती गम घेतले, कोण निघाला, एकूण धावा, एकूण विकेट. ३१ ऑक्टोबर १९८७ ला लिहिलंय, "चेतन शर्मा ३ बोल्ड. पप्पांनी २ दिले. गावस्कर निघाला." ५ नोव्हेंबरची तारीख लिहून पुढे काहीच नाही. मग नऊ तारखेपासून पुन्हा सुरू. फेब्रुवारी १९८८ मध्ये वही मधेच थांबते. बेरीजसुद्धा अर्धवट आहे.

तो ट्रक नांदेडकडून आला होता, एवढं काट्याच्या रजिस्टरवरून कळलं. पण भंगार दहा हातांतून फिरून येतं, त्यामुळे मुलगा नांदेडचाच असेल असं नाही. बँकवाल्यांनी ओळखीपाळखीत विचारलं, मास्तरांनी दोन-तीन शाळांत जाऊन बघितलं. १९८७ ची हजेरीपुस्तकं कुठे मिळतात! माझ्या मुलीने डब्यातल्या सगळ्या कार्डांची कॉम्प्युटरवर यादी केली आणि मुलाची राहिलेली बेरीज पूर्ण केली. तिच्या मते त्याला पुस्तक मिळायला फार थोड्या धावा कमी होत्या. मास्तरांचं म्हणणं, ती बेरजेत चुकली. त्यावर वाद चालू आहे.

तो डबा मी माझ्या संग्रहात मिसळला नाही. वेगळा ठेवलाय. स्मरणिका चार घरी जाते, नातेवाइकांकडे जाते, म्हणून इथे सांगितलं. कुणाच्या ओळखीत १९८७ साली पाचवी ब मध्ये तेवीस नंबर असलेला कुणी असेल, तर त्याला रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाठवा. डबा त्याचा आहे, वहीसकट देईन. दोन गावस्करांपैकी एक मी मागणार आहे. पण विचारून.

जेवण तयार आहे असं स्वयंपाकाकडून खुणावतायत. मठ्ठा संपायच्या आत थांबतो.